रविवारी तू न जेवता गेलास

वाई, मंगळवार रात्र

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता गेलास. आमटी तशीच राहिली. सोमवारी बाबांनी तीच गरम करून खाल्ली आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहायला बसले आहे.

खोट्या मेलला फसून तुझ्या हातून ऑफिसचे पैसे गेले, त्याबद्दल पुन्हा काही बोलायचं नाही, असं ठरवलं आहे. एवढंच विचारते, त्याआधीच्या आठवड्यात शुक्रवारी दुपारीच तुला कळलं होतं, मग सोमवारपर्यंत गप्प का राहिलास?

पैसे गेले याचं मला तितकं वाटत नाही, खरंच. तो मेल तू दाखवलास तेव्हा मीसुद्धा फसलेच असते. नेहमीचा सप्लायर, नेहमीचं सहीखालचं नाव, जुन्या बोलण्याला धरूनच पुढे लिहिलेलं: आमचं ऑडिट चालू आहे, यापुढचं पेमेंट या नव्या खात्यात करा. पत्त्यात फक्त इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन चिकटून बसवले होते. चष्मा लावूनही मला तो एमच दिसला.

काल रश्मी आली होती. तिला विचारलं, की नाव बरोबर असून माणूस खोटा कसा? ती म्हणाली, मावशी, पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कुणीही काहीही लिहू शकतो ना, तसंच. मला लगेच कळलं. पोस्टात आम्ही प्रेषकाच्या नावावर कधी विसंबलो नाही, शिक्का बघायचो. पुण्याहून आलेलं म्हणतात आणि शिक्का भलत्याच गावचा. मेललाही असे शिक्के असतात म्हणे. जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तपासण्यांची नावं असतात, मेल खरंच त्या पत्त्याकडून आला का ते बघणाऱ्या, आणि त्यांच्यापुढे पास किंवा फेल लिहिलेलं दिसतं. पण चोरानं ते आर-एनवालं नाव स्वतःच विकत घेतलेलं असेल तर तिथंही पासच येतं. म्हणजे शिक्का खरा, पण पोस्टच चोराचं.

म्हणून खातं बदललं असं कुणी लिहिलं, की जुन्या बिलावरच्या नंबरला फोन करायचा. मेलमध्ये दिलेल्या नंबरला नाही, तो चोराचाच असू शकतो. आणि २०२५ च्या एप्रिलपासून एनईएफटी, आरटीजीएस करताना खातं कुणाच्या नावावर आहे ते आधी दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेनं बँकांना करायला लावली आहे, ते नाव वाचत जा. रश्मीनं आणखी एक सांगितलं. जुन्या बोलण्यातूनच मेल आला म्हणजे तुमच्यातल्या नाहीतर त्यांच्यातल्या कुणाची तरी पेटी उघडी पडली आहे. पासवर्ड बदललास, पण तुझ्या मेलच्या सेटिंगमध्ये कुणी परस्पर फॉरवर्डिंग लावून ठेवलं आहे का ते बघितलंस का? ते राहिलं असेल तर पासवर्ड बदलूनही तुझी पत्रं तिकडे जातच राहतात.

बघ, शिकवायला लागले. तू बी.कॉम. झालेला मुलगा, जीएसटीची रिटर्न्स भरतोस, मला त्यातलं काही कळत नाही. पहिल्या पगारात बाबांना चष्मा करून आणलास, तो घालून ते रोज दुकानात जातात आणि येईल त्याला 'ओंकारनं केला' म्हणून सांगतात. रागावू नकोस.

माझ्या लहानपणी देवाच्या नावाची पत्रं यायची. अशी एकवीस पत्रं लिहून वाटा, लाभ होईल, पत्र फाडलंत तर घरात वाईट घडेल. आजी घाबरायची. रात्री कंदिलाशी मला बसवून पत्ते लिहून घ्यायची, आणि कुणाला सांगू नकोस म्हणायची. आजोबांना कळलं असतं तर त्यांनी ती चुलीत घातली असती. तिला पत्रापेक्षा आजोबांचीच भीती जास्त होती. तुलाही शुक्रवारी तसंच झालं का रे? साहेबांची भीती, का माझी?

रविवारी मी म्हणाले, चौतीस वर्षं काउंटरवर बसले, एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. ते खोटं आहे.

१९८८ साल, खेड्यातलं पोस्ट, माझं लग्न व्हायचं होतं. शनिवारी एक माणूस एका म्हातारीचं पासबुक आणि पैसे काढायचा फॉर्म घेऊन आला. मी भाचा, मावशी दवाखान्यात आहे, गाडी सुटेल, लवकर करा. बाहेर रांग होती. नमुना सहीचं कार्ड मी काढलंच नाही. नऊशे रुपये दिले. रांग संपल्यावर मनाला चैन पडेना म्हणून कार्ड काढलं, तर त्यावरचा 'ळ' निराळा होता. मला कळलं, आणि मी कार्ड परत ठेवून दिलं. रविवारभर घास उतरला नाही. सोमवारी ती म्हातारी स्वतःच दारात उभी. पोस्टमास्तर ओरडले नाहीत. शनिवारी सांगितलं असतंस तर एसटी स्टँडवरच धरला असता, एवढंच म्हणाले. तीन पगारांतून ते पैसे भरले. घरी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांना आज सांगितलं, हे लिहायच्या आधी.

तेव्हा गाडी सुटायला तास तरी लागायचा. आता पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून दहा ठिकाणी जातात. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आहे ना, १९३०, त्याला लगेच फोन केला तर जे अजून खात्यात आहे ते अडवता येतं. एक लाख ब्याऐंशी हजारांतले चाळीस तरी अडले, तेही सोमवारी. शुक्रवारी केला असतास तर... नाही, हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, खाडाखोड दिसली की तू वाचायचा प्रयत्न करशील.

नोकरीचं काय म्हणाले ते विचारत नाही. तूच सांग. पण रोजच्या त्या ढिगातले नको ते मेल नुसते पुसू नकोस, 'रिपोर्ट स्पॅम' कर, म्हणजे पुढचे आपोआप बाजूला पडतात. आणि दिवसातून एकदा तो स्पॅमचा कप्पाही चाळ, कुणा गिऱ्हाइकाचं खरं पत्र त्यात जाऊन पडायचं. घाबरून आता प्रत्येक मेलकडे चोर म्हणून बघशील, तेही मला नको आहे.

शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट उद्या स्पीड पोस्टनं टाकते. पार्सलचा नंबर मी तोंडी सांगेन. पत्ता अपुरा आहे, चोवीस तासांत लिंक उघडा असा मेसेज आला तर उघडू नकोस. आणि चुकून उघडलास तर त्याच क्षणी फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. मी ओरडणार नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, शनिवारी ये. आमटी तेच करणार आहेत.