शेअर्ड कॅलेंडरमध्ये रजेचा शेवटचा दिवस गायब होत असल्याबाबत तक्रार

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
रजा-व्यवस्थापन अ‍ॅप विभाग

महोदय/महोदया,

ठाण्यातील आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्टाफच्या रजांसाठी आम्ही तुमचे अ‍ॅप वापरतो. मंजूर झालेली रजा आपोआप सगळ्यांच्या शेअर्ड कॅलेंडरवर चढते, आणि ते कॅलेंडर बघूनच आम्ही ड्युटी लावतो.

आमचा निम्मा स्टाफ कोकणातला. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे गणपतीच्या रजांचे अर्ज जूनमध्येच येतात. आमच्या एका टेक्निशियनची रजा २६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर, म्हणजे गौरी-गणपती विसर्जनापर्यंत, रीतसर मंजूर होती. कॅलेंडरवर मात्र ती १ तारखेलाच संपलेली दिसली. साहजिकच २ तारखेची सकाळची ड्युटी त्याला लागली. सात वाजता फास्टिंगचे पेशंट उपाशीपोटी बाकावर बसलेले आणि रक्त घ्यायला कोणी नाही. त्याला फोन लावला, तर तो राजापूरला, मागे आरती चाललेली. शुगरच्या एक आजी नऊपर्यंत थांबून, चिडून दुसरीकडे गेल्या. त्यांचे काही चुकले नाही.

तुमच्या सपोर्टकडून उत्तर आले : ‘सिंक व्हायला वेळ लागतो, अ‍ॅप पुन्हा इन्स्टॉल करा.’ जूनमध्ये मंजूर झालेली रजा सप्टेंबरपर्यंत सिंक होत नसेल, तर धन्य आहे.

शेवटी आमचे कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलाने तुमची आयसीएस फाइल (जिच्यातून रजा कॅलेंडरवर चढते ती) नोटपॅडमध्ये उघडली. तीत शेवटची तारीख २०२५०९०२, म्हणजे २ सप्टेंबर, अशी होती. पूर्ण दिवसाच्या नोंदीत शेवटची तारीख धरली जात नाही, हा आयकॅलेंडरचा, म्हणजे अशा फाइली लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा, नियम २००९ च्या आरएफसी ५५४५ या इंटरनेट मानकात आहे. २ तारीख दिसायला हवी असेल, तर फाइलमध्ये ३ लिहावी लागते. तुमचे अ‍ॅप फॉर्ममधली तारीख जशीच्या तशी उतरवते. एका दिवसाची रजा आमच्या फोनवर बरोबर दिसते, म्हणून इतके दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. गंमत म्हणजे शिल्लक रजेतून कपात करताना तुमचे अ‍ॅप २ तारीख बरोबर धरते! महाराष्ट्रात न घेतलेली पगारी रजा ४५ दिवसांपर्यंत साठते, त्यामुळे या नोंदी आम्हाला जपाव्या लागतात. एकाच रजेचे दोन हिशेब स्टाफला समजावायचे कसे?

आणखी एक. रजेचे कारण कॅलेंडरवर सगळ्यांना दिसते. कुणाची सोनोग्राफी कधी आहे, हे अख्ख्या लॅबला कळायचे काही कारण नाही. तिथे नुसते ‘रजा’ एवढेच दिसावे.

तारखेची चूक दुरुस्त करावी, आधी चढलेल्या सर्व नोंदी तुमच्याच बाजूने सुधारून द्याव्यात (आम्ही एकेक उघडत बसणार नाही) आणि या तिमाहीची वर्गणी परत करावी. दिवाळीच्या रजांचे अर्ज यायला लागले आहेत. त्यामुळे पंधरा दिवसांच्या आत लेखी उत्तर हवे, आणि तेही ईमेलवर, चॅटवर नको.

आपली,
व्यवस्थापक, पॅथॉलॉजी लॅब, ठाणे

सोबत : मंजूर रजेचा अर्ज, कॅलेंडरचा स्क्रीनशॉट, आयसीएस फाइल