बोन मॅरोनंतरचं लिव्हर कुणाच्या फाईलीत बसतं?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

माझा मुलगा ९ वर्षांचा. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात पुरेसं चांगलं रक्त तयारच न होण्याचा जन्मजात आजार. तान्हा होता तेव्हापासून दर ३ आठवड्यांनी रक्त चढवत आलो. पुढे बोन मॅरोचं, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचं, प्रत्यारोपण झालं. मॅरो दिला त्याच्या १९ वर्षांच्या बहिणीनं. केंद्राच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत १० लाखांपर्यंत मदत मिळते, ती आम्हाला मिळाली. तिच्यामुळेच हे जमलं, हे आधी सांगते.

७ महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. बहिणीच्या पेशी त्याच्या लिव्हरवर उलटल्या होत्या. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. स्टेरॉइड झाली, इतर औषधं झाली, तरी पित्तनलिका नष्ट होत गेल्या. पोरगा रात्रभर अंग खाजवायचा. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके असायचे. शेवटी लिव्हर बदलण्यावाचून इलाज उरला नाही.

लिव्हरही बहिणीचंच घ्यावं, असं डॉक्टरांनी सुचवलं. त्याच्या अंगात आता तिचंच रक्त तयार होतं, म्हणून तिचं लिव्हर त्याचं शरीर परकं मानण्याची भीती कमी. अशा काही रुग्णांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं पुढे बंदही करता आली आहेत. मुलगी एका शब्दात तयार झाली.

अडली ती लिव्हरच्या परवानगीची फाईल. मॅरो बदलला की रक्तगटही दात्याचा होतो. माझा मुलगा बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला. जुन्या कागदांवर बी, नव्या रिपोर्टवर ओ. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "बाई, एका माणसाचे दोन रक्तगट कसे? आधी नक्की करून आणा." डॉक्टरांचं पत्र, त्यावर शिक्का, मग पुन्हा रांग. यात ११ दिवस गेले, आणि पोराचं पोट पाण्यानं फुगत चाललं होतं.

पैशांचंही तेच. मॅरोची मदत मॅरोपाशी संपली. लिव्हर हा वेगळा आजार, वेगळा अर्ज, असं आम्हाला सांगण्यात आलं. वेगळा कसा, साहेब? मॅरो घातला म्हणूनच तर लिव्हर गेलं! आम्ही शेत विकलं. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनी काय विकायचं?

मॅरो प्रत्यारोपणातून उद्भवलेला लिव्हरचा आजार त्याच उपचाराचा भाग धरा आणि मदत तिथपर्यंत न्या. लिव्हर बदलावं लागणारी अशी मुलं फार थोडी असतात, त्यामुळे सरकारला हे जड जाऊ नये. आणि मॅरोनंतर रक्तगट बदलतो, एवढं एक परिपत्रक प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला आणि परवानगी देणाऱ्या समितीला पाठवा. त्याला तर पैसाही लागत नाही.

मुलगा आता शाळेत जातो. डॉक्टरांचं ते पत्र लॅमिनेट करून त्याच्या दप्तरात ठेवलंय. मामाच्या गावाला जातानाही ते बरोबर असतं.

आपली नम्र,
एका थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई