दुसऱ्या गोलकीपरला पत्र

कोल्हापूर

प्रिय गार्गी,

टीमच्या यादीत तुझं नाव पुन्हा दुसरी गोलकीपर म्हणून लागलं, तेव्हा तू फोनवर पोलंडचा गोलकीपर वोइचेख श्चेन्स्नीचा दाखला दिलास. निवृत्त झालेला माणूस बार्सिलोनाकडून ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग जिंकतो, मग मी का नाही, असं तुझं म्हणणं. दाखला चांगला आहे, पण तू त्याचा शेवटच तेवढा पाहिलास.

मिडफिल्डरला ऐंशीव्या मिनिटाला दहा मिनिटं खेळवून बघता येतं. गोलकीपरला तसं कोणी उतरवत नाही. जागा एकच, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याची दुखापत, दुसऱ्याचं कार्ड किंवा कोचची मर्जी यामुळेच रिकामी होते. 2013-14 मध्ये आर्सेनलकडून इंग्लंडच्या लीगमध्ये 16 सामन्यांत एकही गोल न खाता श्चेन्स्नीनं पेत्र चेखच्या बरोबरीनं गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे असे सामने सर्वाधिक असणाऱ्या कीपरचा मान, मिळवला. त्याच मोसमात एफए कपची फायनल मात्र त्यानं बेंचवरून पाहिली. गोलात होता लुकाश फाबियान्स्की, तोही पोलंडचाच. पुढे 2016-17 मध्ये इटलीच्या रोमा क्लबात लीगचे सामने श्चेन्स्नी खेळायचा आणि बेंचवर बसायचा तो पुढे ब्राझीलचा पहिला कीपर झालेला अलिसन! वर्षभरात श्चेन्स्नी युव्हेंटसला गेला, तर तिथं पुढे इटलीचा दिग्गज कीपर बुफोन. बुफोन गेल्यावरच पहिला नंबर मिळाला.

बार्सिलोनाचंही तसंच. ऑगस्ट 2024 मध्ये 34 व्या वर्षी श्चेन्स्नीनं निवृत्ती जाहीर केली. सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाचा पहिला कीपर टेर श्टेगनचा गुडघा गेला, ऑक्टोबरमध्ये श्चेन्स्नीशी करार झाला. तरी पहिला सामना मिळाला तो 4 जानेवारी 2025 ला, बार्बास्त्रोविरुद्ध स्पेनच्या कपमध्ये. मधले तीन महिने क्लबचा दुसरा कीपर इन्याकी पेन्या खेळत होता. पुढच्या मोसमासाठी क्लबनं जोआन गार्सिया या नव्या कीपरला आणलं, हा परत दुसरा झाला. सप्टेंबरमध्ये गार्सियाचा गुडघा दुखावला आणि हा परत गोलात.

आता श्चेन्स्नीच्या चुका बघ, कारण तुझी चूकही तीच आहे. गोललाइनवर तो फार कमी वेळा फसला. फसला तो पुढे येताना.

2011 च्या लीग कप फायनलला, आर्सेनलकडून बर्मिंगहॅमविरुद्ध खेळताना, 1-1 असताना 89 व्या मिनिटाला एक साधा बॉल बॉक्समध्ये, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टीच्या चौकोनात आला. आर्सेनलचाच डिफेंडर कोशिएल्नी बॉल दूर मारणार तेवढ्यात श्चेन्स्नी झेपावला, दोघांचा गोंधळ झाला, बॉल सुटला आणि बर्मिंगहॅमच्या मार्टिन्सनं रिकाम्या गोलात ढकलला. चौदा वर्षांनी, जानेवारी 2025 मध्ये बेनफिकाविरुद्ध तो बॉक्सबाहेर धावत आला आणि आपल्याच डिफेंडर बाल्देवर आदळला. पुन्हा रिकामा गोल. त्या सामन्यात बार्सिलोना 5-4 नं जिंकली म्हणून ते झाकलं गेलं, एवढंच.

हे होतं कारण डिफेंडर बॉलकडे बघत मागे पळत असतो, त्याला तू दिसत नाहीस. तुझा आवाज हीच त्याची नजर. म्हणून आवाज पहिल्या पावलाबरोबर निघाला पाहिजे, बॉलजवळ पोहोचल्यावर नाही. येत असशील तर ‘कीपर!’, येत नसशील तर ‘अवे!’, दोनच शब्द, आणि सामन्याआधी चारही डिफेंडरशी ठरवलेले. नुसतं ‘सोड, सोड’ ओरडू नकोस. समोरच्या खेळाडूला फसवायला ओरडलीस असं पंचांना वाटलं तर यलो कार्ड आणि इनडायरेक्ट फ्री किक.

निर्णय पास देणाऱ्याचा पाय बॉलला लागताक्षणी घ्यायचा. त्यानंतर विचार बदललास तर अर्ध्यात अडकशील, आणि तिथून वरून टाकलेला बॉल कोणालाच अडवता येत नाही. आपली टीम पुढे चढलेली असताना तू बॉक्सच्या रेषेजवळ उभी हवीस, गोलजवळच्या सहा यार्डांच्या छोट्या चौकोनात नाही. आपल्या कडक मैदानावर टप्पा उंच उडतो, म्हणून टप्प्याआधी गाठता येत नसेल तर थांब आणि पाय रोव. बॉक्सबाहेर मारायची वेळ आली तर बॉल साइडलाइनबाहेर. मधे मारलेला बॉल परत येतो.

कार्डाचा नियमही नीट लक्षात ठेव. युरो 2012 च्या पहिल्याच सामन्यात, वॉर्सात ग्रीसविरुद्ध, श्चेन्स्नीनं बॉक्समध्ये साल्पिंगिदिसला पाडलं: पेनल्टी आणि रेड कार्ड. बदली आलेल्या तितोननं ती पेनल्टी अडवली. (दुसऱ्या कीपरनं वॉर्म-अप का टाळू नये, ते यात आलं.) 2016 पासून नियम सैल झाला: बॉक्समध्ये बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना फाऊल होऊन समोरच्याची गोलची स्पष्ट संधी हुकली, तर पेनल्टी आणि यलो. पण ही सवलत फक्त बॉक्समध्ये. जानेवारी 2025 च्या स्पेनच्या सुपरकोपा फायनलमध्ये त्यानं रियाल माद्रिदच्या एम्बापेला बॉक्सबाहेर पाडलं आणि थेट रेड मिळालं. टीम तेव्हा 5-1 नं पुढे होती! अशा वेळी गोल खाल्लेला परवडतो.

पेनल्टीबद्दल थोडक्यात. 2022 च्या वर्ल्ड कपमध्ये त्यानं सौदीच्या अल-दोसारीची आणि मेस्सीची, अशा दोन अडवल्या, म्हणून सगळे त्याच्याकडून तेच शिकायला बघतात. अकरा मीटरवरून ताशी शंभर किलोमीटरचा बॉल सुमारे 0.4 सेकंदात येतो, त्यामुळे किकच्या किंचित आधी निघावंच लागतं. मात्र किकच्या क्षणी एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा मागे हवा. झेप सरळ बाजूला नाही, तिरकी पुढे, म्हणजे कोन कमी होतो. सरावात एका वेळी वीसवर थांब. दमल्यावर कीपर कोपरावर पडायला लागते.

ग्लोव्हज कुरियरनं पाठवतोय. वापरण्याआधी नुसत्या कोमट पाण्यात धू, साबण नको. सामन्याला तळवा किंचित ओला असू दे. वाळवताना उन्हात टाकू नकोस, लेटेक्स कडक होऊन सोलतं.

तुझा
बाबा