वरातीच्या घोड्याची चाल तपासा

महोदय,

तुळशीचे लग्न लागले की नागपुरात वरातींचा हंगाम सुरू होतो आणि मंगल कार्यालयांच्या व लॉनच्या दारांत सजवलेल्या घोड्या उभ्या दिसू लागतात. या जनावरांची पाठीवरची जखम किंवा वर आलेल्या बरगड्या कोणाच्याही लक्षात येतात, लंगडेपणा मात्र बहुधा सुटून जातो. याला केवळ निष्काळजीपणा कारण नाही. वरातीतील घोडी संथ चालते, वारंवार थांबते, तिचा लगाम जवळून आवळून धरलेला असतो, आणि वाजंत्रीवर पाय उचलण्याची तिला सवय लावलेली असल्यामुळे दुखरा पाय उचलला तरी तो नाचच वाटतो.

घोडा शरीराचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर तोलतो, त्यामुळे लंगडेपणा पुढच्या पायांत अधिक आढळतो आणि त्याचे मूळही बहुतेक वेळा खुरातच निघते. तपासणी उभ्या घोड्यापासून सुरू होते. तो एक पाय पुढे टाकून त्यावरचा भार काढत आहे का, दोन्ही खूर आकाराने सारखे आहेत का, नाल एकाच बाजूने झिजली आहे का, हे पाहावे लागते. खरा निर्णय मात्र दुडक्या चालीत होतो. दुडकीत, म्हणजे संथ धावेत, तिरक्या रेषेतील दोन पाय (पुढचा डावा व मागचा उजवा, किंवा उलट) एकाच वेळी टेकतात आणि चाल दोन्ही बाजूंनी सारखी पडते, म्हणून थोडासा फरकही नजरेत भरतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली घालतो. नवख्याची फसगत येथेच होते, कारण डोके ज्या पायावर खाली जाते तोच दुखरा असे त्याला वाटते. मागच्या पायाचे दुखणे पुठ्ठ्याच्या, म्हणजे कमरेमागच्या भागाच्या, वरखाली होण्यावरून ओळखावे लागते. पुढचे दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर डोके हलतच नाही, केवळ पावले आखूड पडतात आणि घोडी आळशी झाली असे समजून तिला चाबूक दाखवला जातो.

म्हणूनच तपासताना दोरी सैल धरून घोडा कठीण, सपाट जमिनीवर सरळ रेषेत आणि नंतर गोलात फिरवावा. त्यानंतर खुराच्या तळव्यावर चिमट्याने जागोजागी दाब देणे, सांधा सुमारे मिनिटभर मुडपून लगेच घोडा दुडकवणे, आणि तरीही जागा सापडली नाही तर खुराकडून वर सरकत एकेक भाग सुईने बधिर करून लंगडणे कोठे थांबते ते पाहणे, असा क्रम असतो. क्ष-किरण चित्र यानंतरचे. जागा निश्चित न करता काढलेली चित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुखऱ्या घोड्याला कामाला जुंपणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र १० ते ५० रुपये एवढाच, म्हणजे वरातीत नवरदेवावरून ओवाळून टाकलेल्या नोटांहूनही कमी. शिवाय दंडाने घोडेवाल्याचे पोट भरत नाही आणि घोड्याचा पायही बरा होत नाही. खुरातील गळू किंवा चुकीचा बसलेला खिळा वेळेवर सापडला तर घोडा बहुधा थोड्याच दिवसांत बरा होतो. तसाच चालवत राहिल्यास तेच दुखणे आत पसरते.

आपल्या शहरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महानगरपालिका व पशुसंवर्धन विभाग यांनी त्याच्या सहकार्याने हंगामापूर्वी घोड्यांची चाल तपासण्याची विनामूल्य शिबिरे घ्यावीत आणि तेथे नालबंदांनाही बोलवावे, कारण खुराची छाटणी व नाल सहा ते आठ आठवड्यांनी बदलणे त्यांच्याच हातात असते. शिबिरापूर्वी वेदनाशामक औषध दिलेले असेल तर मालकाने ते न लपवता सांगावे. त्या औषधाखाली लंगडा घोडाही ठणठणीत चालताना दिसू शकतो. लग्नघरच्या मंडळींनीही घोडी ठरवताना ती साज न चढवता, दिवसाउजेडी, सैल दोरीने डांबरी रस्त्यावर थोडी दुडकवून दाखवण्यास सांगावे आणि डोके हलताना दिसल्यास दुसरी घोडी मागावी.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, नागपूर