चार ओळींच्या बातमीत न मावलेला हंगाम

महोदय,

आमच्या उपनगरातील महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर वाचली. बातमी चार ओळींची होती आणि तिच्यात विजयी गोल करणाऱ्या मुलाचे आडनाव चुकले होते, तरीही ती छापल्याबद्दल आभार मानतो. अन्य काही दैनिकांना तेवढीही जागा सापडली नाही. महाविद्यालयाचे नाव त्या बातमीत आलेच आहे, म्हणून येथे पुन्हा देत नाही. मी मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये बरीच वर्षे पंच म्हणून काम केले आहे आणि या संघाचे यंदाचे बहुतेक सामने मैदानाच्या कडेला उभे राहून पाहिले आहेत. हा संघ का जिंकला, हे जिंकला या बातमीपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे असे मला वाटते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे: या मुलांना वर्षभर पूर्ण आकाराचे मैदान मिळाले.

फुटबॉल न खेळलेल्या वाचकाला यात विशेष काय, असे वाटेल. फुटबॉलच्या नियमांनुसार मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर असावी लागते. मुंबईतील बहुसंख्य महाविद्यालयांच्या आवारात वाहने उभी करायला जागा नाही, तिथे एवढे मैदान कुठून येणार? परिणामी मुले वर्गणी काढून तासाच्या भाड्याने टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचे छोटे मैदान घेतात. जाळीने बंदिस्त केलेल्या, पाच-पाच किंवा सात-सात जणांच्या या टर्फवर पायाची चपळाई येते, आखूड पास सुधारतो, हे मी नाकारत नाही. परंतु तिथे ऑफसाइड, म्हणजे पास दिला जाताना प्रतिस्पर्ध्यांच्या बचावफळीच्या पलीकडे उभे राहण्यास मनाई करणारा नियम नसतो. त्यामुळे बचावफळीतील चौघांनी एका रेषेत पुढे सरकायचे कधी आणि मागे यायचे कधी, हे तिथे शिकताच येत नाही. चाळीस मीटरचा तिरका पास मारायला जागा नसते, बगलेवरून धावत जाऊन क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर चेंडू टाकायला बगलच नसते, आणि गोलकीपरला पुढे येऊन उंच चेंडू पकडण्याचा प्रसंग येत नाही. अशी टर्फवर घडलेली मुले अकरा जणांच्या सामन्यात उतरली की पहिल्या वीस मिनिटांत थकतात, कारण कुठे धावू नये हे त्यांना ठाऊक नसते. पंच असताना असे गुणी परंतु विस्कळीत संघ मी इतके पाहिले आहेत की कोणता संघ कुठे सराव करतो, हे मला त्यांचा बचाव पाहूनच ओळखता येऊ लागले होते.

या महाविद्यालयाकडेही स्वतःचे मैदान नाही. तिथल्या क्रीडा शिक्षकांनी शेजारच्या एका शाळेच्या व्यवस्थापनाशी बोलून सकाळी सहा ते साडेसात ही वेळ मिळवली, आणि त्याच्या बदल्यात महाविद्यालयाच्या खेळाडूंनी दर शनिवारी शाळेतील मुलांना फुटबॉल शिकवायचे ठरले. भाड्यापोटी पैसा द्यावा लागला नाही. जिमखान्याच्या निधीतून जे वाचले त्यातून प्रशिक्षकाचे मानधन, चेंडू, बिब आणि सरावानंतरची केळी व उकडलेली अंडी यांची सोय झाली. वसई आणि कल्याणहून येणारी मुले पहाटेची लोकल पकडून सहाला मैदानावर हजर असत. संघाच्या डाव्या बॅकच्या, म्हणजे डाव्या बाजूच्या बचावपटूच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता आणि तो त्याने स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून जाड दोऱ्याने दोनदा शिवून घेतला होता. उपांत्य सामन्यात ती शिवण पुन्हा उसवली तेव्हा राखीव खेळाडूचा एक नंबर मोठा बूट दोन मोजे चढवून घालून तो उरलेला वेळ खेळला, आणि त्याच्या बाजूने प्रतिस्पर्ध्यांना एकही धड क्रॉस टाकता आला नाही.

आपल्याकडे फुटबॉलचा मोसम पावसाळ्यात सुरू होतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. आझाद मैदान असो वा क्रॉस मैदान, ऑगस्टमध्ये गोलसमोरचा भाग चिखल होऊन बसतो आणि जमिनीलगत दिलेला पास डबक्यात जागीच थांबतो. या संघाने पहिल्या दोन सामन्यांत त्यापायी बराच मार खाल्ला. पुढे मात्र मधल्या फळीने चेंडू उचलून बगलांकडे टाकायला सुरुवात केली आणि दोन्ही विंगर डबक्यांना वळसा घालून कोरड्या कडेने खेळू लागले. पाऊस ओसरल्यावर तोच संघ पुन्हा जमिनीवरच्या पासांकडे वळला. एका मोसमात खेळण्याची पद्धत दोनदा बदलणे हे भल्याभल्या क्लबांना जमत नाही. अंतिम सामना मात्र, खरे सांगायचे तर, पाहण्यासारखा झाला नाही. दोन्ही संघ दबून खेळले आणि निर्णायक गोल कॉर्नरवरच्या गोंधळातून झाला. कौतुक करताना एवढे नमूद केलेले बरे.

आता थोडे जिमखाना शुल्काविषयी. प्रवेशाच्या पावतीवर हे शुल्क प्रत्येक विद्यार्थ्याकडून घेतले जाते. जो कधी कॅरमच्या सोंगटीलाही हात लावत नाही, तोही ते भरतो. त्याचा विनियोग कसा झाला, हे किती महाविद्यालये सूचना फलकावर लावतात? माझ्या परिचयातील एका महाविद्यालयात फुटबॉल संघाला स्पर्धेच्या आदल्या दिवशी टी-शर्ट मिळाले आणि प्रवासखर्च मुलांनीच केला. त्याच वर्षी जिमखान्याच्या खोलीला नवीन टाइल्स बसल्या. त्यात भर म्हणजे उपस्थितीचा प्रश्न. विद्यापीठाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम योग्यच आहे. परंतु महाविद्यालयाच्याच वतीने खेळायला गेलेल्या मुलाची हजेरी लावून घेण्यासाठी त्याला प्रत्येक प्राध्यापकाच्या मागे स्वतंत्र अर्ज घेऊन फिरावे लागत असेल, तर सत्र परीक्षा जवळ आल्यावर पालक त्याला मैदानावर पाठवणार नाहीत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. ज्या महाविद्यालयाविषयी मी लिहीत आहे, तिथे प्राचार्यांनी मोसमाच्या आरंभीच संघाची यादी सर्व विभागांना पाठवून हा विषय एका सहीत संपवला.

मुंबईला फुटबॉल नवा नाही. रोव्हर्स चषक स्पर्धा येथे १८९१ मध्ये सुरू झाली, आणि १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो चषक नेला तेव्हा कूपरेजच्या मैदानावर मुंबईकर त्यांच्यासाठीही टाळ्या वाजवीत होते. टाटांच्या संघातून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली आणि ऑलिंपिकमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारत त्या वर्षी चौथा आला. त्यांच्या नावाचे मैदान आज वांद्र्यात आहे. पुढे टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र युनायटेड असे संघ होते आणि महाविद्यालयात चांगला खेळणाऱ्या मुलाला नोकरीची आशा असे. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला आणि ती वाट बरीचशी बुजली. त्यानंतर व्यावसायिक क्लब आले. मुंबईच्याच राहुल भेकेने २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) अंतिम सामन्यात बेंगळुरूसाठी विजयी गोल केला आणि २०२२ मध्ये मुंबई सिटीकडून इराकच्या संघाविरुद्ध गोल करून आशियाई क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबला पहिला विजय मिळवून दिला. म्हणजे येथील मुलगा तिथवर जाऊ शकतो. मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलेल्या मुलाला पाहायला कोणी आलेच नाही, तर त्याची पुढची पायरी कोणती, हे मला आजच्या व्यवस्थेत दिसत नाही.

या बाबतीत कोल्हापूरकडे पाहावे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठांमध्ये दुसरा विषय नसतो आणि स्थानिक वृत्तपत्रे सामन्याचे सविस्तर वर्णन छापतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच मातीतला. ती चुरस कधीकधी हाणामारीपर्यंत जाते, आणि तेवढा भाग आपल्याला नको; परंतु खेळाडूचे नाव गल्लीतल्या पोरांना ठाऊक असणे, हे त्या वर्तमानपत्रांमुळे घडते.

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. ज्या शाळांच्या मैदानांवर सकाळी कोणीच नसते, त्या शाळांना महापालिकेने आणि विद्यापीठाने परिसरातील महाविद्यालयांशी जोडून द्यावे. वर सांगितलेल्या शनिवारच्या वर्गांसारखा मोबदला ठरवला, तर खर्चाचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्या दैनिकाकडे मागणे याहून लहान आहे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचे वेळापत्रक आदल्या दिवशी मैदानाच्या नावासह छापावे आणि निकालाबरोबर दोन्ही संघांतील अकरा-अकरा खेळाडूंची नावे द्यावीत. हे सामने पाहायला तिकीट लागत नाही, आणि विजेत्या संघातील आठ मुले पुढच्या वर्षीही याच महाविद्यालयात आहेत.

आपला,
एक माजी फुटबॉल पंच, मुलुंड (पूर्व), मुंबई