अकरा रविवारांची हजेरी

मावशी,

स. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. सुपरवायझरने वाचलं तर नसती कटकट, असं तुम्हीच म्हणाला होतात.

कामगार नाट्यस्पर्धेतला आमचा प्रयोग झाला. मॉलमधल्या हाउसकीपिंगच्या बायकांवर नाटक लिहितोय म्हटल्यावर तुम्ही विचारलं होतंत, "त्यात दाखवणार काय? फरशी?" मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या संहितेत नायिका बादली आपटून अडीच पानी भाषण ठोकायची. वडील परळच्या गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. कामगार म्हटलं की माझ्या डोक्यात आधी मोर्चा येतो, त्याला इलाज नाही.

पहिल्याच तालमीत तुम्ही पाच मिनिटांत उठलात. "अगं बाई, मागं मागं ये की! पुसलेल्यावरच पाय देतेस." आणि मॉप हातात घेऊन, इंग्रजी आठाचा आकडा काढत, उलट्या पावलांनी अख्खा रंगमंच पुसलात. एकदाही मागे वळून न बघता. अर्धं पान तिथेच कापलं.

उरलेली दोन पानं तुमच्या पगाराच्या स्लिपने खाल्ली. घड्या पडून पडून मऊ झालेली ती स्लिप. मूळ वेतन, विशेष भत्ता. तो जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून त्या महिन्यांची स्लिप तुम्ही हटकून मागून घेता. कपातीत पीएफचे 12 टक्के, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 0.75. मग म्हणालात, "कंत्राट बदललं की युनिफॉर्म बदलतो, फरशी तीच." चौदा वर्षं एकाच मजल्यावर, पण दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार नवा. ग्रॅच्युइटीला लागणारी एकाच मालकाकडची सलग 5 वर्षं कागदावर कधी भरलीच नाहीत.

दुसरा अंक यावरच उभा राहिला. बाई स्लिप घेऊन बसते आणि बोटांच्या पेरांवर मोजते: भाडं, रेल्वेचा पास, गॅस, भिशी. सहा मिनिटं, दुसरं काही नाही. प्रयोगात मागच्या रांगेतून एक बाई मोठ्यांदा म्हणाली, "दूध राहिलं!" आमच्या नटीने तिच्याकडे बघून मान डोलावली आणि दुधासाठी आणखी एक पेर मोजलं. परीक्षकांना हा प्रवेश संथ वाटला. वाटू दे.

तुम्ही मात्र नव्हतात. सेकंड शिफ्ट होती. खाडा झाला असता तर त्या दिवसाच्या पगारासोबत हजेरी भत्ताही गेला असता.

आता लाजेची गोष्ट. अकरा रविवार, म्हणजे तुमच्या हक्काच्या अकरा सुट्ट्या, तुम्ही आमच्याकडे घालवल्यात. "माझी हजेरी लावा हं," म्हणायचात, आम्ही हसायचो. तुटपुंज्या पगाराबद्दल नाटक बसवणाऱ्यांनी तुम्हाला चहा-वडापाववर राबवलं, हे शेवटी मेकअप उतरवताना नटीच बोलली. मला सुचलं नव्हतं.

सगळ्यांनी वर्गणी काढली आहे. सुट्टीतलं काम म्हणून दर दुप्पट लावलाय. पाकीट घेऊन रविवारी येतो, हिशेबाचा कागद आत आहे. आकडे तपासून घ्या. अकराव्या रविवारी तुम्ही अर्धा दिवस होतात की पूर्ण, यावर आमच्यात वाद आहे. मी पूर्ण धरलाय.

आणि तुमचा मॉप अजून आमच्याकडेच आहे. तोही आणतो.

तुमचा,
नाटकवाला