टेबलावर राहिलेली पुस्तकं

दादर, रविवार रात्र

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर दोन्ही पुस्तकं टेबलावर दिसली. वजन होत होतं, समजलं. लोकरीचे मोजे तरी नेलेस ना? आई म्हणते नेलेस. मला गप्प करायला ती काहीही म्हणेल.

परवा तू म्हणालास, "बाबा, तुम्ही लढाया वाचल्यात, पाहिल्यात कुठे?" तेव्हा उत्तर सुचलं नाही. टेबलावरच्या एका पुस्तकाचा लेखक, इतिहासकार जॉन कीगन, इंग्लंडच्या सँडहर्स्ट लष्करी अकादमीत भावी अधिकाऱ्यांना शिकवायचा, लहानपणच्या क्षयाने पाय अधू झालेला. १९७६च्या 'द फेस ऑफ बॅटल'च्या पहिल्याच वाक्यात तो कबूल करतो, मी कधी लढाईत नव्हतो. म्हणून तर नकाशावरचे बाण सोडून शिपायाला काय दिसलं, काय ऐकू आलं, हे तो विचारत बसला.

सेनापतींच्या आठवणींवर माझा फारसा विश्वास नाही. चुका नेहमी शेजारच्याच्या. दुसऱ्या पुस्तकातला स्लिम वेगळा, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरचा ब्रिटिश सेनापती. १९४४ला नागालँडातल्या कोहिमावर जपानी फार तर एक रेजिमेंट आणतील असा त्याचा अंदाज. आली अख्खी डिव्हिजन. चूक माझी, असं तो सरळ लिहितो. तुझ्या हाताखाली आता माणसं आहेत, तेव्हा तूसुद्धा... जाऊ दे. पुन्हा वर्ग भरवला. माफ कर. खालच्या काकूंना आज 'आमचा कॅप्टन' म्हणालो, आई हसली.

तिसरं, ब्रिगेडियर दळवींचं, मीच बॅगेतून काढलं होतं. ऑक्टोबर १९६२, चीनशी युद्ध, तवांगकडच्या नामका चू नदीचा काठ, अंगावर सुती गणवेश. ते रागाने लिहितात, स्वतःची बाजूही मांडतात. सगळं जसंच्या तसं घेऊ नका, असं मी वर्गात सांगत आलो. पण थंडीबद्दल माणूस कशाला खोटं सांगेल? आणि तू चाललायस तवांगलाच.

आठवतं, फाउंटनच्या फुटपाथवर रणगाड्यांच्या पुस्तकासाठी बसकण मारली होतीस? तेवढ्यात पाऊस आला, एक चप्पल गेली वाहून. दादरपासून खांद्यावर आणलं. पाय गार पडले होते तुझे. आईने रात्रभर तेल चोळलं, मी नुसता उभा.

आता तिथे सगळं चांगलं मिळतं म्हणालास. मिळत असेल.

उद्या पार्सल करतोय. तिन्ही पुस्तकं, दळवीसुद्धा. मधल्या जागेत मोज्यांचे चार जोड कोंबलेत, म्हणजे कोपरे दुमडणार नाहीत.

तुझा,
बाबा